काकडीच्या लोणच्याची बरणी

ओस्त्रावातल्या आमच्या इमारतीच्या भिंती पातळ.
शेजारी शिंकला तर इकडून ‘शतायुषी हो’ म्हणावं, इतक्या.
आणि छत म्हणजे
वरच्यांच्या जमिनीची उलटी बाजू, बस्स.

मी पहाटेची पहिली ट्राम चालवते. तीनला उठते.
मला रात्र लागते ती संध्याकाळी सातला,
आणि सातलाच, बरोब्बर उशीच्या वर,
त्याला कंठ फुटायचा.
घरघर नव्हे, गुणगुणही नव्हे,
दात आवळून कुणी एकच अक्षर धरून बसावं
तसं
म्म्म्म्म्म्म्म्

चिठ्ठी लिहिली. कडक.
लिफ्टमध्ये न चिकटवता दाराखालून सरकवली,
तेवढीच माणुसकी.
दुसऱ्या दिवशी दारात व्लास्तिमिल कुबेशा,
एकोणतीस वर्षं खाणीत काढलेला,
डोक्यावरची टोपी काढून हातात धरावी तसे हात,
टोपी नव्हतीच.
म्हणाला, नातीचे मासे आहेत.
ती ब्रनोला शिकायला गेली, मासे राहिले.
त्यांच्या हवेचा पंप. एवढासा.
आणि मूठ दाखवली.

मग सुरू झाला त्याचा कारखाना.
आधी पंपाखाली स्पंज.
म चा न झाला, एवढंच.
मग दोरी बांधून खुंटीला टांगला.
“टेकला की बोलतो,” मला जिन्यात म्हणाला,
“अधांतरी असला की सांगणार कुणाला?”
(भिंतीला सांगत होता. खुंटी भिंतीतच होती.)
मग उघडला. आतली रबराची पापणी चिरलेली,
लोहचुंबक तिला सेकंदाला पन्नासदा मिटवतो-उघडतो,
चिरणार नाही तर काय.
नवी मागवली, ती मापाला मोठी निघाली,
नखं कापायच्या कात्रीनं कापून बसवली.
पाण्यातला बुडबुड्यांचा दगड चुन्यानं बुजलेला होता;
बुजलेल्यातून फुंकायचं म्हणजे कण्हणं आलंच.
तो त्यानं व्हिनेगरमध्ये उकळला.
दोन दिवस सगळ्या जिन्याला वास,
तक्रार मात्र कुणाची नाही.
मीही नाही केली.

शेवटी माझ्याकडेच बरणी मागायला आला.
काकडीच्या लोणच्याची, झाकणासकट.
मी उरलेल्या चार काकड्या उभ्याउभ्या खाल्ल्या
आणि धुऊन दिली.
झाकणाला दोन भोकं,
एकातून हवा आत, दुसऱ्यातून माशांकडे.
“धडधडत येते,” तो म्हणाला, “आत टेकते,
जरा दम खाते,
मग जाते.”

त्या संध्याकाळी सातला काहीच नव्हतं.
इतकं नव्हतं की मला माझ्या फ्रिजचा राग आला.
झोपले.

दीडला जाग आली.
वर, बरोब्बर उशीच्या वर,
खोकला.
दोन लहान, एक लांब,
मग काही नाही,
मग अजून काही नाही,
मग शिट्टी वाजवत आत ओढलेला श्वास.

खोकला नवा नव्हता.
या गावात कान असलेल्या कुणालाही कळेल, किती जुना ते.
तीन वर्षं तो पंपाच्या आड बसून होता
आणि मी पंपाला शिव्या देत होते.

जिन्यात विचारलं, डॉक्टरांना दाखवलंत का.
“कशासाठी?”
खोकल्यासाठी.
“मासे असतील,” म्हणाला, आणि
दुसऱ्या मजल्यावर थांबला,
पिशवी या हातातून त्या हातात घ्यायला.
पिशवीत एक पाव होता.

मी दुसरी चिठ्ठी लिहिली आहे.
‘पंप पूर्वीसारखा टेबलावर ठेवलात
तरी माझी हरकत नाही.’
आठवडा झाला, गणवेशाच्या खिशात आहे,
घडीवर काळी पडत चाललीय.

दोन लहान, एक लांब.
त्यापुढच्या रिकाम्या जागेत मी उठून बसते,
शिट्टी ऐकू येईपर्यंत.
मग पुन्हा आडवी होते.
मग तीन वाजतात.